इथे नाव हवं आहे

ढुंढिराजला जाऊन वर्ष होत आलं, तरी दोन माणसांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. एक त्याचे वडील रत्नाकरशास्त्री आणि दुसरी बकुळ.

शास्त्रीबुवा त्याला ‘तो’ म्हणत. त्याची सायकल. त्याची खोली. तो असता तर. बकुळ तेवढंही म्हणत नसे. कुणी विषय काढला की ती ऐकून घेई, मान हलवी आणि हातातल्या प्रुफावर पुन्हा नजर वळवी. ती रडली नव्हती. लोकांना वाटे, पोरगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. बधिर झालेल्या दाताखाली सुपारी फोडावी तसे दिवस जात होते. फुटत होती, कळत नव्हतं.

कार्तिकात वर्षश्राद्ध आलं. दहावं-बारावं पुतण्याने, नरहरने, केलं होतं. तेव्हा शास्त्रीबुवा उठून बसायच्या अवस्थेत नव्हते. या वेळी त्यांनी सांगून टाकलं, “मीच करणार. आणि मंत्र सांगायला कुणी नको. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं. मला कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी शरदिनीकाकू, ढुंढिराजची आई, भोसले घाटाजवळ बकुळच्या घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या. पायरीवरच बसल्या.

“तू ये ग त्या दिवशी.”

“मी येऊन काय करू, काकू?”

“काही करू नकोस. उभी राहा. यांच्या तोंडून नाव निघेल की नाही, मला भरोसा नाही. आणि नरहर समोर बोलायचा नाही, तो घाबरतो यांना.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “नाव नाही घेतलं तर पाणी कुणाला पोचायचं? माझं पोर तहानलेलं राहील.”

बकुळ ‘येते’ म्हणाली. काकू गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की काकूंनीही आत्ता त्याचं नाव घेतलं नाही. पण काकू एरवी घेत. देवाजवळ बसून घेत, भाजी चिरताना घेत. आज बकुळकडे बघून त्यांनी टाळलं होतं.

*

ढुंढिराज काशीत, रामघाटावरच्या गल्लीत वाढला. खाली वडिलांची पाठशाळा, वर बिऱ्हाड. पहाटे पोरं घोकायला बसत ती थेट सूर्य नदीच्या पलीकडच्या वाळूवर येईपर्यंत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, खाली संस्कृत. कुठल्या पायरीवर कुठली भाषा सुरू होते हे त्याला पाय टाकताच कळे.

श्राद्धाच्या प्रयोगाची पोथी असते. तिच्यात जिथे माणसाचं नाव यायचं तिथे ‘अमुक’ लिहिलेलं असतं. अमुकगोत्र, अमुकशर्मा. यजमान समोर बसला की त्या जागी त्याचं खरं नाव घालून म्हणायचं. शिकवताना यजमान नसतो, म्हणून पोरं ‘अमुक’च घोकतात. शास्त्रीबुवांनी चाळीसेक वर्षं तेच शिकवलं होतं.

“आमच्या घरात सगळ्यांत जास्त नाव कुणाचं निघालं असेल तर अमुकशर्म्याचं,” ढुंढिराज सांगे. “लहानपणी मला वाटायचं, हा आपला कुणीतरी पणजोबा आहे. फार मोठा माणूस असणार. सगळी पोरं रोज त्याचं श्राद्ध करतात.”

तो हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगे. हसायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर सोडी.

बऱ्यापैकी प्रयोग शिकून झाल्यावर तो बी.एस्सी.ला गेला. मग कॉम्प्युटर शिकायला लागला. शास्त्रीबुवांनी अडवलं नाही. फक्त काही दिवस जेवतानाचं मौन जेवणानंतरही चालू ठेवलं.

चौकाच्या मागे वेणीमाधवांचा छापखाना होता. खिळे जुळवायचे दिवस संपत आले होते. वेणीमाधवांनी कॉम्प्युटर आणला, त्यात देवनागरीचं कार्ड बसवून घेतलं, आणि समोर कुणाला बसवायचं हा प्रश्न पडला तेव्हा शास्त्रीबुवांच्या मुलाला बसवलं. बकुळ तिथे प्रुफं वाचायला यायची. तिचे वडील रेल्वेत, नागपूरकडचे, बदलीवर आले ते इथेच राहिले. तिने साहित्यात एम.ए. केलं होतं आणि पुढे काय करावं हे तिला ठाऊक नव्हतं. छापखान्यात खिडकीजवळचं टेबल होतं, खाली कचौडीवाला होता. तिला तेवढं पुरत होतं.

ढुंढिराजशी तिची मैत्री एका चुकीवरून झाली. लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वधूच्या मावशीचं नाव पडलं होतं. तिने ते पकडलं. तो उठून आला, कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हे माझ्याकडून झालंच नाही. मशीनकडून झालंय. म्हणजे माझ्याकडूनच.”

तेव्हापासून ती पकडायची आणि तो शोधायचा, चूक कुठून आली ते.

*

रामघाटावरच्या उपाध्यांचे यजमान महाराष्ट्रभर. कुणाच्या घरची कुठली तिथी केव्हा येते हे कळवणारी कार्डं दरसाल जात. पूर्वी उपाध्ये हाताने लिहीत. आता सगळे वेणीमाधवांकडे येऊ लागले. मजकूर एकच, नावं-गावं वेगळी. ढुंढिराजने त्यासाठी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. मजकुराचा एक साचा करायचा. त्यात मोकळ्या जागा ठेवायच्या. बाजूला घराघराची माहिती द्यायची. मशीन एकेका घराची माहिती घेऊन जागा भरतं आणि कार्ड छापतं. मोकळ्या जागांना त्याने नावं दिली, अमुक-नाव, अमुक-गाव, अमुक-तिथी.

“बाबांच्या पोथीतून चोरलंय,” तो बकुळला म्हणाला. “त्यांना सांगू नकोस.”

“कळेलच त्यांना.”

“कळू दे. चोरी घरातल्या घरात आहे.”

एक अडचण होती. माहिती कधी अपुरी असे. एखाद्या उपाध्यायाकडून नाव द्यायचंच राहिलेलं असे, एखादं वाचता येत नसे. मग कार्डावर ‘श्री.’च्या पुढे नुसती मोकळी जागा छापली जाई. ते वाईट दिसे. ढुंढिराजला घरचा नियम आठवला. कुणाला आपलं गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. विधी अडत नाही. त्याने मशीनला तसंच काहीसं शिकवलं. नाव मिळालं नाही, तर त्या घरच्या कर्त्या माणसाचं नाव घे. ‘श्री.’च्या पुढे ते शोभून दिसे. कार्डं सरसर निघू लागली. वेणीमाधव खूश झाले.

मग वैशाखात एक दिवस छापखान्याच्या दारात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. मागे त्यांची बायको, हातात कापडी पिशवी.

“काय हो, शिवरामपंत मिरजकरांचं श्राद्ध इथंच लावलंय ना?”

वेणीमाधव अदबीने उठले. “आपण त्यांचे कोण?”

“मी तेच.”

वेणीमाधव बसले.

शिवरामपंतांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ‘श्री. शिवराम मिरजकर यांस, आपल्या घरचे कै. शिवराम मिरजकर यांची तिथी चैत्र वद्य पंचमी.’ पत्र त्यांनाच, आणि मेलेलेही तेच.

“पंचमी होऊन गेली,” शिवरामपंत म्हणाले. “म्हटलं, आपल्या श्राद्धाला आपणच उशिरा नको पोचायला. रिझर्वेशन मिळालं नाही हो, नाहीतर आधी आलो असतो.”

छापखान्यातले सगळे हसले. यंत्रावरचा माणूसही हसला. शिवरामपंतांचे वडील विश्वनाथपंत, त्यांची ती तिथी. उपाध्यायाकडून विश्वनाथ हे नाव द्यायचं राहून गेलं होतं. मोकळी जागा दिसताच मशीनने कर्त्याचं नाव उचललं, आणि ते ‘कै.’च्या पुढे बसवलं. मशीनच्या दृष्टीने जागा ती जागा. ‘श्री.’च्या पुढची काय अन् ‘कै.’च्या पुढची काय.

ढुंढिराज हसला नव्हता. तो त्या बाईंकडे पाहत होता. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

“हे लेकीकडे पुण्याला गेले होते,” त्या एकदम म्हणाल्या. “पोस्टमनने कार्ड वाचून दाखवलं. मी नळावर होते.”

“अग, झालं ते झालं,” शिवरामपंत म्हणाले.

“फोन कुठाय लेकीकडे? संध्याकाळी गाडी आली तेव्हा हे समोर दिसले.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “शेजारीण म्हणाली, कागदाचं काय खरं मानायचं. पण कार्ड काशीहून आलं होतं. काशीचं खोटं कसं म्हणायचं?”

मग कुणी हसलं नाही. वेणीमाधवांनी लस्सी मागवली. शिवरामपंतांनी जाताना ढुंढिराजच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, “माझं आयुष्य वाढलं म्हणतात अशाने. मनाला लावून घेऊ नका.”

ढुंढिराजने लावून घेतलं. त्या दिवशी त्याने कचौडी खाल्ली नाही. दोघं घाटाकडे चालत निघाले तेव्हा तो मधेच थांबून म्हणाला, “दुपारभर त्या बाई विधवा होत्या, बकुळ. आपण केलं त्यांना.”

“चुकून झालं.”

“चूक असती तर दिसली असती. मोकळी जागा चांगली होती ग. निदान काहीतरी राहिलंय हे दिसत होतं. मी ती बुजवली.”

*

त्याने तो प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. आता छापायच्या आधीच मशीन सगळा साचा चाळून बघे. साच्यात जेवढे ‘अमुक’ आहेत तेवढ्यांना माहिती मिळाली आहे का? एखाद्याला नसेल तर एकही कार्ड छापायचं नाही. थांबायचं. साच्यात जागा नसताना कुणी जास्तीची माहिती दिली असेल, तर नुसतं कुरकुरायचं आणि पुढे जायचं. आणि एखादी गोष्ट खरोखरच नसेल, तर तिथे ‘नाही’ असं लिहून द्यायचं.

“फरक काय?” वेणीमाधवांनी विचारलं. “नाही तो नाही. रिकामं तो रिकामं.”

“एखाद्याला भाऊ नाही आणि एखाद्याच्या भावाचं नाव आपल्याला माहीत नाही, यात फरक नाही का, वेणीमाधवजी?”

“भैया, तू पंडिताचा पोर आहेस हे मी विसरतो.”

वेणीमाधवांचा जीव मेटाकुटीला येई. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं आणि आत मशीन अडून बसलेलं. “अरे, हा काय तमाशा आहे? फिर से रुक गई? पूर्वी कशी पळायची.”

“पूर्वी खोटं बोलून पळायची.”

“पळायची तर!”

शास्त्रीबुवांच्या कानावर सगळं गेलं. एका रविवारी बकुळ जेवायला होती. त्यांनी भातावर तूप घेत विषय काढला.

“ऐकतो की तुझ्या यंत्राला गोत्र सांगितलं नाही तर ते उपाशी बसतं.”

“हो, बाबा.”

“शास्त्रात सोय आहे. ठाऊक नसेल तर काश्यप. हजारो वर्षं चाललंय. कुणाचं अडलं नाही. तुझं यंत्र आमच्याहून सोवळं निघालं की रे.”

शरदिनीकाकू हसल्या. ढुंढिराजही हसला. मग म्हणाला, “तुमच्या समोर माणूस बसलेला असतो, बाबा. तुम्ही चुकीचं नाव घेतलंत तर तो ओरडतो. माझ्या समोर कोण आहे ओरडायला?”

शास्त्रीबुवांनी पान पुढे केलं. वरण वाढायला सांगितलं. पण नंतर हात धुताना बकुळला हळूच म्हणाले, “बरोबर बोलला.” हे त्याला सांगायचं नाही असं डोळ्यांनी बजावलं.

मशीन थांबलं की पडद्यावर काय दिसावं, यावर दोघांचं बरंच झालं. त्याने आधी ‘चूक क्रमांक ७’ असं लिहिलं होतं. बकुळने नाक मुरडलं.

“सात म्हणजे काय? माणसाला काय कळेल?”

“यादी लावू भिंतीवर.”

“यादी कोण बघतंय? सरळ बोल ना. थांबा. इथे नाव हवं आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग एका हाताने टाइप करू लागला. “बस. एवढंच. पण कुठे तेही सांगायला पाहिजे. कितव्या ओळीत, कशाच्या पुढे. नुसतं चुकलं म्हणायचं नाही.”

“का?”

“बाबा तसं करतात. पोरगा म्हणत असतो, मधेच टेबलावर टकटक करतात. चुकलं. कुठे चुकलं सांगत नाहीत. पोरगा बिचारा आरंभापासून सगळं संशयाने म्हणायला लागतो. बरोबर होतं तेही चुकवतो.”

तर मशीन थांबलं की तिचं वाक्य दिसे आणि त्याखाली जागा. बकुळने आयुष्यात छापून आलेलं असं स्वतःचं काही लिहिलं नव्हतं. छापखान्यातल्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ते एक वाक्य होतं. ते दिसलं की वेणीमाधव कपाळाला हात लावत आणि ढुंढिराज तिच्याकडे बघून हाताने ‘वा वा’ करी.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी एकही कार्ड चुकीचं गेलं नाही. शिवरामपंतांच्या घरी गेलेल्या कार्डावर ‘कै. विश्वनाथ मिरजकर’ होतं. त्यांचं उत्तर आलं. खाली बायकोने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती, ‘आम्ही दोघे सुखरूप.’ ढुंढिराजने ते कार्ड मशीनच्या बाजूला चिकटवलं.

*

कार्तिकात तो प्रिंटरची रिबन आणायला सायकलवरून गेला आणि मैदागिनच्या वळणावर ट्रकखाली आला. सकाळची वेळ होती. बकुळ टेबलाशी होती. कुणीतरी धावत येऊन वेणीमाधवांच्या कानाशी लागलं. वेणीमाधवांनी चप्पल उलटसुलट घातली. बकुळला ती चप्पल आठवते. बाकी तिला त्या दिवसातलं फार आठवत नाही.

उत्तरकार्याची पत्रिका छापायची होती. दुसऱ्या कुणाला मशीन नीट येत नव्हतं. वेणीमाधव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ती उठली.

साचा तयारच होता, त्यानेच केलेला. दर महिन्याला दोन-चार पत्रिका त्यातून निघत. तिने तिथी भरली. वेळ भरली. स्थळ भरलं. खाली शोकाकुल म्हणून कुणाकुणाची नावं घालायची ती नरहर सांगत गेला, ती भरत गेली. हात व्यवस्थित चालत होते. झालं असं वाटून तिने कळ दाबली.

थांबा. इथे नाव हवं आहे.

ओळ दुसरी, ‘आमचे चिरंजीव’च्या पुढे.

ती पडद्याकडे पाहत राहिली. वाक्य तिचं होतं. जागाही बरोबर दाखवली होती. तिने हात कळफलकावर ठेवले. बोटांना पहिलं अक्षर सापडेना. ‘ढ’ कुठे असतो हे ती विसरली असं नव्हतं. तिला दिसत होता तो. मशीन थांबून होतं. ते वाट बघायला कंटाळत नाही, तसंच त्याने ते बनवलं होतं.

“सर जरा,” नरहर म्हणाला. तिच्या खांद्यावरून वाकून त्याने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत नाव घातलं. प्रिंटर करकरायला लागला. नवी रिबन आली नव्हती, अक्षरं फिकी उमटली.

त्यानंतर तिने ते नाव घेतलं नाही. ठरवून नाही. ती जागा आली की ती थांबे, एवढंच. आणि शास्त्रीबुवा ‘तो’ म्हणत. तिला वाटे, त्यांनी मोकळ्या जागेवर काहीतरी ठेवून दिलंय, काश्यप ठेवतात तसं. वाक्य अडत नाही.

*

वर्षश्राद्धाच्या दिवशी ऊन कोवळं होतं. घरचं आटोपून तर्पणाला सगळे रामघाटावर उतरले. खालच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून होता, तो पाण्याने धुऊन एक पायरी मोकळी केली होती. नरहर कलश घेऊन बाजूला. शरदिनीकाकू वर, हातातल्या छत्रीच्या सावलीत. बकुळ त्यांच्याजवळ उभी राहिली. नावाडी ‘नाव, बाबूजी, नाव’ करत येत आणि हा घोळका काय करतोय हे कळून परत जात.

शास्त्रीबुवा दक्षिणेकडे तोंड करून बसले. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. हातात दर्भ, तीळ. त्यांचा आवाज पाठशाळेत असायचा तसाच होता, सपाट आणि स्वच्छ. संकल्प झाला. आधी आपल्या वडिलांना पाणी दिलं, नाव घेऊन. मग आजोबांना, पणजोबांना. कुठे अडखळले नाहीत. काकूंनी बकुळचा हात धरला.

मग ते मुलाकडे आले.

“अस्मत्सुतम्,” त्यांनी म्हटलं, आणि तितक्याच सपाट, स्वच्छ आवाजात पुढे म्हणाले, “अमुकशर्माणम् अमुकगोत्रम्...”

ओंजळीतून पाणी सुटायला आलं होतं. नरहरने मान वर केली आणि लगेच खाली घातली. शास्त्रीबुवांना काही जाणवलं नव्हतं. जीभ तिच्या वाटेने गेली होती, हजार पोरांना शिकवलेल्या वाटेने. समोर यजमान नसला की ती तिकडूनच जाते. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा किती सराईतपणे म्हणतोय.

काकूंची बोटं बकुळच्या मनगटात रुतली.

बकुळला आपण पायऱ्या उतरल्याचं कळलं नाही. पायाला गाळ थंड लागला तेव्हा ती त्यांच्या मागे येऊन उभी होती.

“काका, थांबा.”

त्यांनी पाणी सोडलं नाही. मान वळवली नाही.

“इथे नाव हवं आहे.”

नरहरचा श्वास तिला ऐकू आला. श्राद्धाच्या मधे, एका परक्या घरच्या मुलीने, शास्त्रीबुवांना.  ओंजळीच्या कडेने पाण्याचा एक थेंब ओघळून कोपरापर्यंत गेला.

“कुठे?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“अस्मत्सुतम्‌च्या पुढे,” ती म्हणाली. “लगेच.”

त्यांनी ओठ हलवून मनातल्या मनात मागचं म्हणून पाहिलं. तिला त्यांचा गाल बाजूने दिसत होता. म्हणता म्हणता ते त्या जागेवर आले, आणि तिला कळलं की आता त्यांना कळलं. खांदे खाली आले. एवढंच. ओंजळ तशीच राहिली.

नदी चालली होती. पलीकडे वाळूवर कुणीतरी उंटावरून जात होतं.

“सांग,” ते म्हणाले.

नरहरने तोंड उघडलं. त्यांनी डोकं हलवलं. “तू नाही. ती सांगेल.”

बकुळ पडद्यासमोर बसली होती तेव्हाची ती जागा पुन्हा आली. तीच. पुढे काही नाही, हिरवी अक्षरं आणि वाट बघणं. तिला वाटलं, आपण ते नाव घेतलं की मशीन चालू होईल, कागद सरकेल, ते छापलं जाईल आणि मग ते तसंच असेल. वर्षभर तिने तेवढंच होऊ दिलं नव्हतं.

काकू वर उभ्या होत्या. तहानलेलं, असं म्हणाल्या होत्या त्या.

“ढुंढिराज,” बकुळ म्हणाली.

आवाज तिला ओळखू आला नाही. नाव मात्र ओळखीचं होतं. कचौडीच्या दुकानासमोरून ती तेच नाव वर खिडकीकडे बघून ओरडायची.

“ढुण्ढिराजशर्माणम्,” शास्त्रीबुवा तिच्यामागून म्हणाले, यजमान भटजीमागून म्हणतात तसं, एकेक अक्षर सांभाळून. “भारद्वाजगोत्रम्. वसुरूपम्. स्वधा नमस्तर्पयामि.”

पाणी अंगठ्याच्या कडेने खाली गेलं. तीळ थोडे हाताला चिकटून राहिले.

प्रत्येकाला तीनदा पाणी द्यायचं असतं. नरहरने ओंजळ पुन्हा भरली. “अस्मत्सुतम्,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि थांबले. तिने सांगितलं. त्यांनी म्हटलं. या वेळी त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो सारखा केला नाही.

तिसरी ओंजळ भरली. “अस्मत्सुतम्.” ते थांबले. ती सांगणार होती, पण नाव बाहेर येईना. तोंड उघडं, आत काही नाही. वर्षात पहिल्यांदा तिला काहीतरी दुखत होतं, नेमकं कुठे ते सांगता येईल इतकं दुखत होतं. तिने वर काकूंकडे पाहिलं. काकूंनी छत्री मिटली होती.

शास्त्रीबुवा वाट बघत होते. पाणी बोटांमधून झिरपत होतं. त्यांनी हात घट्ट जुळवले.

“ढुंढी,” ते म्हणाले. घरात म्हणत तसं. मग नीट बसले आणि पूर्ण नाव घेतलं.

नरहर कलशात डोकावला. “काका, पाणी संपलंय.”

“नदी समोर आहे ना रे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “भरून घे.”